पाटीच्या आधी चिंचोके: लहान मुलांना गणिताची गोडी कशी लावावी

माझी नात चार वर्षांची असताना घडाघडा पन्नासपर्यंत आकडे म्हणायची. एकदा मी तिच्यापुढे पाच चिंचोके ठेवले. एकेकावर बोट ठेवत तिने अगदी बरोबर मोजले, "एक, दोन, तीन, चार, पाच." मी हात पुढे केला, "मला पाच दे बरं." तिने शेवटचा एक चिंचोका उचलून माझ्या तळहातावर ठेवला. तिच्या लेखी 'पाच' हे त्या चिंचोक्याचं नाव होतं!

यात तिचं काहीच चुकलं नव्हतं. आकडे म्हणता येणं वेगळं आणि मोजता येणं वेगळं. सगळे मिळून पाच, हे पाठांतराने कळत नाही, आधी हाताला कळावं लागतं. म्हणून वही-पेन्सिल बाजूला ठेवून आम्ही घरात पुढच्या क्रमाने खेळलो.

काय लागेल? घरच्या चिंचेतले धुऊन वाळवलेले मूठभर चिंचोके, दोन वाट्या, खराट्याच्या काड्या आणि रबरबँड. तीन वर्षांच्या आतल्या मुलांच्या हाती चिंचोके देऊ नका, ती नाकातोंडात घालतात. त्यांना वाट्या आणि बटाटे पुरतात. मोठ्या मुलांजवळही खेळ संपेपर्यंत बसून राहा.

१. आधी ताटं मांडू द्या. रात्री जेवायला कोण कोण आहे ते मुलाला विचारा आणि प्रत्येकासाठी एक वाटी ठेवायला सांगा. किती वाट्या, हे विचारूच नका. एक कमी पडली की मूल आपणहून म्हणतं, "बाबाची राहिली!" एकाला एक ही जोडी जमली की पुढचं मोजणं सोपं जातं.

२. 'मोज' म्हणण्यापेक्षा 'दे' म्हणा. "मला तीन चिंचोके दे." तीन जमले की चार, मग पाच. मोजलेला चिंचोका दुसऱ्या वाटीत टाकायचा, म्हणजे तोच पुन्हा मोजला जात नाही, आणि वाटीत टप् वाजतो तेव्हाच आकडा तोंडातून निघतो. चुकलं तर 'चूक' हा शब्द नको, वाटी ओतून दोघांनी पुन्हा मोजायचं. नंतर तेच पाच लांब लांब पसरून विचारा, "आता किती?" बरीच मुलं पुन्हा पहिल्यापासून मोजतात, काही तर "जास्त झाले" म्हणतात. खुशाल म्हणू द्या. एक दिवस मूल न मोजताच "पाचच की!" म्हणेल. त्यासाठी घाई करू नका, आम्हाला दीड महिना लागला.

३. चिंचोक्यांचे फासे करा. चिंचोका खडबडीत फरशीवर एका बाजूने घासला की वरचं तपकिरी साल जाऊन आतला पांढरा भाग दिसतो. घासायला मुलांना फार आवडतं, पण तो गरम होतो, म्हणून थांबत थांबत घासा. असे पाच तयार करा, ओंजळीत खुळखुळवून टाका. तीन पांढरे, दोन तपकिरी. पुन्हा टाका: चार पांढरे, एक तपकिरी. दरवेळी एकूण पाचच! बेरीज हा शब्द न उच्चारता पाचाच्या सगळ्या फोडी मुलाच्या डोळ्यांपुढून जातात. पांढऱ्यांइतकी घरं पुढे जायचं ठरवून फरशीवर खडूने पट आखला, तर अख्खी दुपार जाते.

४. दहाच्या जुड्या बांधा. मराठी आकड्यांची खरी अडचण दहाच्या पुढे सुरू होते. आपण 'त्रेपन्न' म्हणतो तेव्हा तीन आधी ऐकू येतात, लिहितो मात्र पाच आधी. याच अडचणीपायी २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक', 'वीस दोन' असं वाचन आलं आणि त्यावर मोठा वाद झाला. मला जुने शब्द सोडवत नाहीत, पण मुलाला दोन्ही ऐकवायला हरकत नाही. दहा काड्यांची एक जुडी. दोन जुड्या आणि सुट्या तीन, म्हणजे वीस तीन, म्हणजेच तेवीस. एकोणीससाठी दोन जुड्या ठेवा आणि एकीतून एक काडी ओढून घ्या: विसाला एक उणा. 'एकोणीस' शब्दातच वजाबाकी आहे, हे तेव्हा मुलाला दिसतं.

अंक लिहिणं यानंतर. ताटात रवा पसरून बोटाने गिरवू द्या, पेन्सिलीची घाई नको. ठिपक्यांच्या रांगोळीत ओळी मोजणं, मंडईत भाजी घेताना लिंबं मोजून पिशवीत टाकणं, हेही जोडीला चालू ठेवा.

५. पर्वती चढा. पुण्यातल्या पर्वती टेकडीला १०३ पायऱ्या आहेत. सकाळी ऊन चढायच्या आत जा, खिशात चिंचोके घ्या. दर दहा पायऱ्यांना थांबायचं, एक चिंचोका मुलाच्या मुठीत द्यायचा आणि पुन्हा एकपासून सुरुवात. वर पोचल्यावर मूठ उघडा: दहा चिंचोके, म्हणजे दहा वेळा दहा, आणि शेवटच्या सुट्या तीन पायऱ्या. शंभर म्हणजे किती, हे तोवर मुलाच्या पायांना चांगलंच कळलेलं असतं. थोडं पाणी प्या, खाली पसरलेलं पुणं दाखवा. उतरताना मात्र मोजायला लावू नका, तेव्हा सगळं लक्ष पावलांकडे हवं.