गुडघे कुरकुरतात? पाण्यात उतरा

ठाण्याच्या तलावपाळीला फेऱ्या मारून गुडघे दुखत असतील, तर व्यायाम सोडू नका, पोहायला लागा. छातीभर पाण्यात उभं राहिलं की पायांवर वजनाचा जेमतेम एक तृतीयांश भार येतो, बाकीचा पाणीच पेलतं. ठाण्यात मारोतराव शिंदे तरणतलावासारखी महापालिकेची सोय आहे.

आधी श्वास शिका, हातपाय नंतर. तोंड पाण्यात असताना बुडबुडे सोडत राहायचं, मान वळवली की श्वास घ्यायचा. नवशिक्यांना दम लागतो तो बहुतेकदा श्वास कोंडून धरल्यामुळे. जमायला लागलं की तलावाची एक लांबी पोहून अर्धा मिनिट थांबा, अशी 20 मिनिटं पुरेत. दुखऱ्या गुडघ्यांना ब्रेस्टस्ट्रोक, म्हणजे बेडकासारखे पाय मारत पोहणं, मात्र नको. त्यात पाय फेकताना गुडघा पिळला जातो. फ्रीस्टाइल, म्हणजे पालथं राहून आळीपाळीने एकेक हात पुढे टाकत पोहणं, शिका.