बाहेरची मेल येत नाही? आधी नेमसर्व्हर बघा

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या काही पेढ्यांचं मेलचं काम माझ्याकडे असतं. हळदीचे, बेदाण्याचे सौदे जोरात असताना एखाद्याची मेल अडकली, की परगावची ऑर्डर सरळ दुसऱ्या पेढीकडे जाते. म्हणून सांगतो, मेल बंद पडली की लगेच होस्टिंगचं पॅनेल उघडून डोमेनचे डीएनएस रेकॉर्ड, म्हणजे साइट आणि मेल कुठल्या सर्व्हरवर आहे ते सांगणाऱ्या नोंदी, बदलत बसू नका.

आधी पाठवणाऱ्याकडून परत आलेल्या मेलचा पूर्ण मजकूर मागवा. त्यात 550 5.1.1 दिसलं तर मेल कुठल्या तरी सर्व्हरपर्यंत पोचली आहे, पण हा पत्ता आपल्याकडे नाही असं तो सर्व्हर म्हणतोय. कुठला सर्व्हर, ते नाव वाचा. जुन्या होस्टिंगचं नाव निघालं, तर मेल अजून जुन्याच दारात जातेय. मेल परत आलीच नसेल तरी निर्धास्त राहू नका. पाठवणारा सर्व्हर चार-पाच दिवससुद्धा पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहतो आणि तोवर गिऱ्हाइकाला वाटतं, मेल पोचली.

मग कमांड प्रॉम्प्टवर एनएसलुकअप (nslookup) ही कमांड चालवून टाइप 'एनएस' ठेवा (set type=ns) आणि डोमेन विचारा. जी नावं येतील ते तुमचे नेमसर्व्हर, म्हणजे विचारेल त्याला डोमेनच्या नोंदी सांगणारे सर्व्हर. त्यांच्याच पॅनेलमधले रेकॉर्ड खरे. हळदीच्या एका पेढीत हेच झालं होतं. वेबसाइट नव्याने केली, करणाऱ्याने नेमसर्व्हर आपल्या होस्टिंगकडे वळवले आणि साइटचा ए रेकॉर्ड (साइटच्या मशिनचा आयपी पत्ता) तेवढा टाकला. एमएक्स (मेल कुठल्या सर्व्हरकडे द्यायची ते सांगणारा रेकॉर्ड) जुन्या पॅनेलमध्येच राहिला. शेठ मला जुनं पॅनेल उघडून दाखवत होते, "हे बघा, रेकॉर्ड आहे की!" होताच तो, पण तिथं विचारायला आता कुणीच येत नव्हतं. एमएक्स सापडला नाही की पाठवणारा सर्व्हर ए रेकॉर्डवर जातो, म्हणजे वेबसाइटच्या मशिनवर. तिथं या पेढीच्या मेलबॉक्स नव्हत्याच.

एमएक्समध्ये सर्व्हरचं नाव लागतं, आयपी चालत नाही. ते नाव सीनेम (दुसऱ्या नावाकडे बोट दाखवणारं टोपणनाव) असलेलंही नको. एमएक्स एकाहून जास्त असतील तर ज्याचा प्राधान्याचा आकडा लहान त्याचा नंबर पहिला. गूगल वर्कस्पेसला आता एकच नोंद पुरते, एसएमटीपी डॉट गूगल डॉट कॉम, आकडा 1. आधीच्या पाच नोंदी असतील तर त्याही चालतात. जुन्या कंपनीचा एमएक्स मात्र 'असू दे राखीव' म्हणून ठेवू नका. पहिला सर्व्हर जरा अडखळला की मेल तिकडे जाऊन पडते आणि कुणी ती उघडतही नाही. काही पॅनेल नावापुढे डोमेन आपोआप जोडतात. तिथं पूर्ण नाव टाकलं की डोमेन दोनदा लागतं. सेव्ह केल्यावर ते नीट वाचा.

दुरुस्ती झाली की आधी थेट आपल्या नेमसर्व्हरलाच विचारा, मग 8.8.8.8 ला, म्हणजे गूगलच्या सार्वजनिक डीएनएस सर्व्हरला. पहिल्याकडे बरोबर आणि दुसऱ्याकडे जुनं उत्तर आलं, तर टीटीएल (उत्तर साठवून ठेवायची मुदत, सेकंदांत) संपेपर्यंत थांबा. 3600 म्हणजे तासभर. 'रेकॉर्ड नाही' हे उत्तरही काही काळ साठवलं जातं. पुढं मेल हलवायची असेल तर आदल्या दिवशीच टीटीएल 300 करून ठेवा.

एसपीएफ, डीकिम, डीमार्क ही तुमच्याकडून जाणाऱ्या मेलची कागदपत्रं, म्हणजे ती मेल खरंच तुमची आहे हे पटवणाऱ्या नोंदी. मेल येत नाही म्हणून त्यांना हात लावू नका. फक्त एसपीएफच्या ओळी दोन असतील तर एकत्र करा, दोन चालत नाहीत.

शेवटी जीमेलवरून मेल टाकून बघा, आणि वेबसाइटवरचा चौकशीचा फॉर्मही भरून बघा. जीमेलची मेल येते पण फॉर्मची येत नाही, असं झालं तर डीएनएस ठीक आहे. बहुतेकदा वेबसाइटचा सर्व्हर या डोमेनची मेल आपल्याचकडे आहे असं धरून ती बाहेर सोडतच नाही. होस्टिंगचं पॅनेल सीपॅनेल असेल तर त्यात 'ईमेल राउटिंग'मध्ये 'रिमोट मेल एक्स्चेंजर' निवडा आणि फॉर्म पुन्हा भरा.