नायट्याचा फोटो डॉक्टरांना कसा पाठवावा

पावसाळ्यात ठाणे-नवी मुंबईत दोरीवरचे कपडे दोन-दोन दिवस ओलसर राहतात. त्यात लोकलची गर्दी आणि दिवसभर घट्ट पँट. जांघेत, कमरेच्या इलॅस्टिकखाली, काखेत गोल खाजरा चट्टा उठायला एवढं पुरतं. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये दोन तास घालवण्यापेक्षा फोटो पाठवून सल्ला घेऊ, असं वाटणं साहजिक आहे आणि नायट्यासाठी हा मार्ग चुकीचाही नाही. बिघडतं ते दोन ठिकाणी: फोटोआधी चट्ट्याला काय फासलं होतं, आणि फोटोत चट्ट्याची कड दिसते की नाही.

आधी घरातली ट्यूब

मेडिकलमध्ये 'खाजेसाठी काहीतरी द्या' म्हटलं की बऱ्याचदा तीन-चार औषधांचं मिश्रण असलेली ट्यूब हातात पडते. बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि सोबत स्टेरॉइड. स्टेरॉइडमुळे दोन दिवसांत खाज आणि लाली जाते, म्हणून ट्यूब 'लागू पडली' असं वाटतं. प्रत्यक्षात त्वचेचा प्रतिकार दबलेला असतो आणि त्याआड बुरशी पसरत राहते. नायट्याची ओळख म्हणजे त्याची उठावदार, कोंडा सुटणारी गोल कड. तीच पुसट होते आणि अशा चट्ट्याचा फोटो पाहून अनुभवी डॉक्टरही इसब की नायटा यात अडखळतात. जांघेत महिनोन्‌महिने लावल्यास कातडी पातळ होऊन कायमचे व्रण पडतात, चेहऱ्यावर लाली, पुरळ आणि लव वाढते. अशी स्टेरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकली जाऊ नयेत म्हणून केंद्र सरकारने २०१८मध्ये ती शेड्यूल एचमध्ये, म्हणजे चिठ्ठीवरच द्यायच्या औषधांच्या यादीत आणली. तरी ती सहज मिळतात, ही खरी चिंतेची गोष्ट आहे.

ट्यूबवर बारीक अक्षरात क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, बेक्लोमेथासोन यांपैकी काही लिहिलं असेल तर ते स्टेरॉइड. ट्यूबच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढा, तोही पाठवायचा आहे. हळद, पावडर, खोबरेल, लिंबू यातलं काही लावलं असेल तर कोमट पाण्याने धुऊन, टिपून कोरडं करा. मग दहा-पंधरा मिनिटं थांबा. चोळल्याची किंवा खाजवल्याची लाली उतरू द्या.

फोटो

उजेड खिडकीचा घ्या. पावसाळी ढगाळ दिवशी खिडकीतून येणारा मऊ उजेड यासाठी उत्तम. खिडकी पाठीमागे नको, एका बाजूला असू द्या. ट्यूबलाइट आणि पिवळा बल्ब दोन्ही बंद करा. दोन तऱ्हेचे उजेड मिसळले की त्वचेचा रंग फसवा येतो. फ्लॅश नको, त्याने ओलसर त्वचा चकाकते आणि कोंडा दिसेनासा होतो. मागे साधी एकरंगी चादर धरा.

कॅमेरा मागचाच वापरा. पुढच्या कॅमेऱ्यात बऱ्याचदा सौंदर्य-फिल्टर आपोआप चालू असतो आणि तो नेमके डागच पुसतो. दमट हवेत लेन्सवर बोटांचा तेलकटपणा बसतो, त्यामुळे आधी सुती कापडाने लेन्स पुसा. झूम करू नका. स्क्रीनवर चट्ट्याच्या कडेवर बोट टेकवा, फोकस बसेपर्यंत श्वास रोखा, मग क्लिक करा. हात पोचत नसेल तर घरातल्या कुणाला तरी काढायला सांगा. आरशातून काढलेला फोटो उपयोगाचा नसतो.

किमान चार फोटो हवेत. पहिला साधारण एक मीटरवरून, म्हणजे चट्टा शरीराच्या कुठल्या भागावर आहे आणि दुसऱ्या बाजूलाही आहे का हे कळतं. दुसरा एक फुटावरून. तिसरा १५ सेंटीमीटरवरून, चट्ट्याशेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवून. त्याचा व्यास २७ मिलिमीटर असतो, त्यावरून आकाराचा नेमका अंदाज येतो. या तिसऱ्या फोटोत चट्ट्याचा मधला भाग नव्हे, तर निम्मा चट्टा आणि निम्मी चांगली त्वचा यायला हवी. नायट्यात मधला भाग निवळत जातो आणि हालचाल कडेवर असते, फक्त मधलाच भाग पाठवला तर डॉक्टरांना जवळजवळ काहीच दिसत नाही. चौथा फोटो तिरकस कोनातून, म्हणजे फुगवटा आणि कोंडा सावलीमुळे दिसतो.

आपल्याकडच्या सावळ्या त्वचेवर लाली लाल दिसत नाही, ती तपकिरी किंवा जांभळट दिसते. म्हणून फोटोवर विसंबू नका. जागा गरम लागते का, दुखते का, हे शब्दांत लिहा. फोटो बघून रोग ओळखणाऱ्या अ‍ॅपचंही हेच दुखणं आहे. २०२२मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा प्रणाली गडद त्वचेवर कमी अचूक ठरल्या. अ‍ॅपने 'काळजी नको' सांगितलं म्हणून थांबू नका.

चेहरा, टॅटू, मंगळसूत्र, दारावरची पाटी फोटोत येऊ देऊ नका. गुप्त भागाचा फोटो डॉक्टरांनी मागितला तरच द्या आणि नंतर गॅलरीतून, क्लाउड बॅकअपमधूनही काढून टाका. व्हॉट्सअ‍ॅप साधा फोटो दाबून लहान करतं, बारीक कोंडा त्यात हरवतो. म्हणून तो डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

सोबतचा मजकूर

'डॉक्टर, बघा ना काय झालंय' एवढ्यावर काही ठरत नाही. असा मजकूर लिहा:

'वय ३४, पुरुष. २० जूनपासून उजव्या जांघेत खाज, घाम आला की जास्त. सुरुवातीला रुपयाएवढा चट्टा, आता तळहाताएवढा. मेडिकलमधून आणलेली ट्यूब १० दिवस दोनदा लावली, बंद केल्यावर चौथ्या दिवशी वाढला. ट्यूबचा फोटो जोडला आहे. बायकोलाही कमरेला चट्टा. मधुमेह नाही. रक्तदाबाची गोळी चालू, नाव सोबत. कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी माहीत नाही.'

घरातल्यांचा उल्लेख विसरू नका. रात्री खाज वाढते आणि दोघा-तिघांना एकदम होते, तेव्हा खरूज असू शकते. बोटांच्या बेचक्यांचा आणि मनगटाचा फोटोही जोडा. खरुजेत घरातल्या सगळ्यांना एकाच दिवशी औषध लावावं लागतं, नाहीतर ती एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहते.

भारतात दूरवैद्यकाचे (टेलिमेडिसिन, म्हणजे फोन-व्हिडिओवरून सल्ल्याचे) नियम २५ मार्च २०२०ला आले. त्यानुसार पहिल्या सल्ल्यात क्लोट्रिमाझोल, म्युपिरोसिनसारखी मलमं डॉक्टर व्हिडिओ कॉलवर बघून लिहून देतात. म्हणून फोटोनंतर डॉक्टरांनी व्हिडिओ मागितला तर तो टाळाटाळीचा भाग समजू नका. चिठ्ठीवर नाव आणि नोंदणी क्रमांक आहे ना ते बघा. ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवर सल्ला मोफत मिळतो.

फोटोवर भागत नाही तिथे

फिकट किंवा तांबूस चट्टा आणि तिथे स्पर्श कमी कळतो: डोळे मिटून कापसाचा धागा फिरवला तरी समजत नाही. असं असेल तर प्रत्यक्ष तपासणी हवी, कारण तो कुष्ठरोग असू शकतो. तो वेळीच सापडला तर पूर्ण बरा होतो आणि त्याची औषधं सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. बदलणारा तीळही फोटोवर ठरवू नये. स्टेरॉइड लावून रूप बदललेल्या नायट्यासाठी कडेवरचा कोंडा खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली बघावा लागतो. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयासारख्या मेडिकल कॉलेजशी जोडलेल्या रुग्णालयात त्वचारोगाच्या ओपीडीत जा.

तोंडात किंवा डोळ्यात फोड, नवीन गोळी सुरू केल्यानंतर ताप आणि कातडी सोलणं, ओठ सुजून श्वास लागणं, तापासोबत दाबूनही न जाणारे जांभळे ठिपके, मधुमेह्याच्या पायाची वेगाने पसरणारी दुखरी सूज: यात फोटो काढत बसू नका, थेट रुग्णालय गाठा. एका बाजूने पट्ट्यासारखे उठलेले दुखरे फोड नागिणीचे असू शकतात. त्यावरचं औषध ७२ तासांत सुरू झालं तर चांगलं काम करतं आणि डोळ्याजवळ असेल तर लगेच जा. पावसाळ्यात दिव्याभोवती येणारा मुंगीसारखा लांबट, काळा-केशरी किडा अंगावर चिरडला की जळल्यासारखा रेघेचा चट्टा उठतो. लोक त्यालाही नागीण समजतात. किडा चिरडू नका, फुंकून उडवा आणि जागा साबणाने धुवा.

औषध मिळाल्यावर

तर्जनीच्या शेवटच्या पेराएवढी मलमाची रेघ म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम, दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. चट्ट्याच्या कडेबाहेर दोन सेंटीमीटरपर्यंत लावा. चट्टा दिसेनासा झाला की लगेच थांबवू नका, डॉक्टर सहसा पुढेही दोन आठवडे लावायला सांगतात. भारतात पसरलेल्या, २०२०मध्ये ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असं नाव मिळालेल्या बुरशीवर टर्बिनाफिन हे बुरशीचं नेहमीचं औषध अनेकदा लागू पडत नाही. म्हणून मनाने गोळी वाढवू नका. ओलसर अंतर्वस्त्र घालू नका. इस्त्री फिरवून, पूर्ण वाळवूनच घाला. रुग्णाचा टॉवेल वेगळा ठेवा.

दोन आठवड्यांनी पुन्हा फोटो काढा: तीच खिडकी, तीच वेळ, तेच अंतर आणि शेजारी तेच दहा रुपयांचं नाणं.