युद्धकाळात मळ्यात वस्ती केलेल्या घराण्याचा इतिहास कसा लिहावा

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कोल्हापूर भागात गावठाण सोडून मळ्यात वस्तीला गेलेल्या घराण्याचा इतिहास लिहिताना आरंभ आठवणींपासून न करता जमिनीपासून करावा. चालू सातबाऱ्यावरील फेरफार (हक्कबदलाची नोंद) क्रमांक धरून मागे मागे जात तहसील कचेरीतील अभिलेख कक्षातून जुन्या फेरफारांच्या नकला काढाव्यात. जमीन कोणाकडून, केव्हा आणि वारसाने की खरेदीने आली, हे तेथेच कळते. कोल्हापूर तेव्हा संस्थान असल्याने बरेचसे दप्तर मोडी लिपीत आहे. ते जाणकाराकडूनच वाचून घ्यावे. मी स्वतः अंदाजाने वाचून चुलत आजोबांना सहा महिने सख्खे ठरवले होते.

वडीलधाऱ्यांना सन विचारू नये. ते सहसा चुकते. त्याऐवजी, ‘वळिवड्याला पोलंडची माणसे आली, तेव्हा विहीर खोदून झाली होती का?’ असे विचारावे. कोल्हापूरजवळच्या वळिवड्यातील पोलिश निर्वासितांची छावणी १९४३ ते १९४८ या काळात होती आणि तेथे सुमारे ५,००० निर्वासित राहत होते, त्यामुळे उत्तराला आपोआप काळाची चौकट मिळते.

घरातील कोणी पलटणीत असल्यास ट्रंकेतील डिस्चार्जचा कागद शोधावा आणि पदकाच्या कडेवर क्रमांक कोरलेला असल्यास तो भिंगातून पाहून उतरवावा. परत न आलेल्याचे नाव राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या यादीत शोधताना आडनावाची इंग्रजी स्पेलिंगे बदलून पाहावीत.

रेशन, रॉकेल आणि मनीऑर्डरीच्या गोष्टी आजीकडूनच, तिच्याच शब्दांत उतरवाव्यात, कारण सातबाऱ्यावर तिचे नाव बहुधा नसते.