टिलर पहाटे सुरू होईना? थंडीला दोष देण्याआधी डिझेल बाटलीत बघा

मार्गशीर्ष लागला की आमच्या वाडीत पहाटे पाचलाच हँडल मारल्याचे आवाज सुरू होतात. मोहोर डोकावू लागलेला असतो, तुडतुडे दिसायला लागलेले असतात आणि वारा पडलेला असतो तेवढ्या तीन-चार तासांत फवारणी उरकायची असते. नेमकं तेव्हाच फवारणी पंपाचं किंवा टिलरचं (हाताने धरून चालवायच्या नांगरणी यंत्राचं) डिझेल इंजिन रुसतं. दोन वर्षांपूर्वी माझंही रुसलं. वीस-बावीस वेळा हँडल मारलं, खांदा भरून आला, धुराड्यातून पांढरा धूर निघाला तेवढाच. शेजारचे काका पडवीतून म्हणाले, "अरे, खोबरेल थिजलंय बघ बाटलीत, मग डिझेल नसेल का थिजलं?"

म्हणणं वरवर पटण्यासारखं होतं. पण खोबरेल 24-25 अंशांनाच थिजतं, डिझेलचा हिशेब वेगळा. शेवटी फिल्टरखालची काचेची वाटी सोडली तेव्हा तळाशी चमचाभर पाणी निघालं. ते काढून टाकलं, लाइनमधली हवा काढली आणि तिसऱ्या हँडलला इंजिन लागलं. तेव्हापासून थंडीत कोणी विचारलं की मी आधी एकच सांगतो: कोकणात डिझेल क्वचित थिजतं, पाणी मात्र हमखास शिरतं.

हे पाणी येतं कुठून? लावणी झाल्यावर टिलर मांगरात, म्हणजे शेतातल्या खोपीत, उभा राहतो, टाकी अर्धी. चार महिने पाऊस आणि ओलसर हवा. त्यानंतर थंडीत दिवसा पत्रा तापतो, रात्री गार पडतो. टाकीच्या रिकाम्या भागातल्या हवेला गार पत्र्यावर घाम फुटतो, थेंब ओघळतात आणि डिझेलपेक्षा जड म्हणून तळाशी जाऊन बसतात. इंजिनाला डिझेल जातं तेही तळाजवळूनच. एका रात्रीत थेंबभरच पाणी येतं, पण अशा रात्री किती जातात ते मोजा.

ड्रमची गोष्ट आणखी वाईट. उघड्यावर उभा ठेवलेल्या ड्रमच्या डोक्यावर पावसाचं किंवा दवाचं पाणी साचतं. दिवसा आतली हवा फुगून बुचाच्या कडेने बाहेर जाते, रात्री आकसते आणि आकसताना वरचं पाणी आत ओढून घेते. झाकण घट्ट आहे म्हणून आपण निर्धास्त असतो. ड्रम छपराखाली ठेवा. ते शक्य नसेल तर एका बाजूला चिऱ्याचा तुकडा सरकवून तिरका करा आणि बूच उंच बाजूला येईल असं बघा. थेट जमिनीवर ठेवू नका, खाली फळ्या घाला. डिझेल साठवायला जस्ताचा मुलामा दिलेला डबा वापरू नये. डिझेल आणि जस्त यांचं जमत नाही, कालांतराने चिकट गाळ तयार होतो आणि फिल्टर तुंबतो.

पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर जिवाणू आणि बुरशी वाढते. फिल्टर काढल्यावर काळपट, बुळबुळीत थर दिसतो तो हाच. मेकॅनिक त्याला शेवाळ म्हणतात. शेवाळाला ऊन लागतं, याला नुसतं पाणी आणि डिझेल पुरतं. असा थर दिसला तर फक्त फिल्टर बदलून भागत नाही, टाकी उतरवून धुवावी लागते. नाहीतर आठ दिवसांत नवा फिल्टर तसाच होतो आणि दुकानदाराने नकली माल दिला म्हणून आपण त्याच्याशी भांडत बसतो.

बाटलीची तपासणी

खर्च शून्य. काचेची पांढरी बाटली स्वच्छ धुऊन पूर्ण वाळवा. टाकीच्या तळाच्या नळीतून किंवा कॅनच्या बुडाशी नळी घालून त्यात डिझेल काढा. वरवरचं घेऊ नका, वर ते नेहमी छानच दिसतं. झाकण लावून रात्रभर खळ्यात ठेवा आणि ऊन येण्याआधी उजेडासमोर धरून बघा. तळाशी वेगळी रेघ किंवा काचेला चिकटून लोळणारे थेंब दिसले तर ते पाणी. सगळंच डिझेल दुधाळ, धुरकट झालेलं असेल आणि उन्हात ठेवल्यावर थोड्या वेळात तळाशी काही न राहता स्वच्छ निवळत असेल तर ते मेण.

डिझेलमध्ये पॅराफिनचं मेण मुळातच असतं. गारठ्यात त्याचे बारीक कण होतात, डिझेल धूसर दिसतं आणि पुढे हे कण फिल्टरच्या कागदावर बसून वाट अडवतात. भारतीय मानकानुसार फिल्टर अडू लागण्याचं तापमान हिवाळी डिझेलसाठी जास्तीत जास्त 6 अंश आणि उन्हाळी डिझेलसाठी जास्तीत जास्त 18 अंश चालतं. हिवाळा धरला जातो तो नोव्हेंबर ते फेब्रुवारी. आता यातली मेख बघा. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर जानेवारीतही पहाटेचा पारा साधारण 18-19 वर असतो, तिथे काळजी नाही. पण दापोलीच्या पठारावर किंवा घाटाच्या पायथ्याच्या खोलगट वाड्यांत एखाद्या पहाटे पारा 10 च्या आसपास उतरतो. अशा ठिकाणी एप्रिल-मेमध्ये भरून ठेवलेला कॅन पौषात उघडला तर ते डिझेल धुरकट झालेलं असू शकतं. म्हणजे काका अगदीच चुकत नव्हते, फक्त माझ्या बाबतीत चुकले. यावर उपाय सोपा: उन्हाळ्यातलं डिझेल पावसाळ्याआधीच्या कामांत संपवा आणि फवारणीसाठी नोव्हेंबरनंतर पंपावरून ताजं आणा. तसंही सहा महिन्यांहून जुनं डिझेल ठेवण्यात अर्थ नाही.

पाणी निघालं तर काय करायचं? तळाचा ड्रेन नट सैल करून स्वच्छ डिझेल येईपर्यंत सोडा, ते डब्यात धरा, वहाळात किंवा विहिरीजवळ ओतू नका. काचेची वाटी पुसून बसवा. मग फिल्टरवरचा ब्लीडिंग स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढा. नोजलच्या (इंजिनात डिझेल फवारणाऱ्या तोटीच्या) नटापाशीही हेच. बहुतेक वेळा लोक पाणी काढतात आणि हवा काढायला विसरतात, मग पुन्हा अर्धा तास हँडल. कॅनमधून ओतताना तळाचं दोन बोटं डिझेल कॅनमध्येच राहू द्या. फडक्यातून गाळून घेतलं तरी कचराच अडतो, पाणी आरपार जातं. आणि संध्याकाळी काम संपल्यावर टाकी भरून ठेवायची सवय लावा. सकाळी भरण्यात काहीच फायदा नाही, घाम रात्रीच फुटून गेलेला असतो.

हँडल मारताना

डिझेल स्वच्छ असेल आणि तरीही गारठ्यात इंजिन जड लागत असेल तर ते स्वाभाविक आहे. डिझेल इंजिनात ठिणगी नसते, दाबाने तापलेल्या हवेतच डिझेल पेटतं आणि गार लोखंड ती उष्णता पिऊन टाकतं. ऑइलही घट्ट झालेलं असतं. डिकॉम्प्रेशनचा (इंजिनातला दाब मोकळा करणारा) खटका वर करून आधी दहा-बारा फेरे नुसते फिरवा, ऑइल सगळीकडे पोचू द्या, मग वेग पकडून खटका सोडा. अंगठा मुठीभोवती गुंडाळू नका, चारही बोटांच्या बाजूलाच ठेवा. इंजिनाने उलटा झटका दिला तर हँडल हातातून सुटलं पाहिजे. मनगट मोडलेले दोघे माझ्या ओळखीत आहेत आणि दोघांनीही एअर क्लीनर काढून पेट्रोलचा बोळा आत धरला होता. तो प्रकार पूर्ण बंद. डिझेलमध्ये पेट्रोल मिसळणंही नको, आगीचा धोका वाढतो आणि डिझेल पंपातल्या प्लंजरला (दट्ट्याला) लागणारं वंगण कमी होतं. पिकअपवाल्यांनी चावी फिरवल्यावर हीटरचा पिवळा दिवा विझेपर्यंत थांबावं, एवढंच.

उत्तरेला गाडी नेणाऱ्यांसाठी

काजूगर, सुपारी, नारळ किंवा कोकम घेऊन आपल्यातले काही जण डिसेंबर-जानेवारीत गाडी घेऊन दिल्लीकडे आणि त्याही पुढे जातात. तिथे मात्र थंडी खरोखरच डिझेलला धरते. इंजिन लागतं, पाच-दहा मिनिटं चालतं, मग ताकद जाते आणि बंद पडतं. हे मेणाचं लक्षण, कारण सुरू होण्यापुरतं डिझेल लाइनमध्ये असतं, फिल्टरमधून पुढचं येत नाही. इथली भरलेली टाकी डोंगरापर्यंत नेऊ नका. थंड भागाकडे जाताना टाकी रिकामी होत येऊ द्या आणि मुक्कामाच्या आदल्या संध्याकाळी तिकडच्या पंपावर भरा, म्हणजे रात्री लाइनमध्ये तेच डिझेल असेल. लडाखसाठी इंडियन ऑइलने 2019 च्या नोव्हेंबरात खास हिवाळी डिझेल आणलं, ते उणे 33 अंशांपर्यंत वाहतं. त्याआधी तिथल्या लोकांना केरोसीन मिसळून भागवावं लागे. तो जुना तोडगा आताच्या बीएस-6 (धुराच्या कडक नियमांच्या) गाडीत करू नका, इंजेक्टरचा खर्च परवडणार नाही.

एक फिल्टर जवळ ठेवा. अडकलातच तर गरम पाण्यात भिजवलेलं फडकं फिल्टरवर गुंडाळा, पुन्हा पुन्हा. ट्रकवाले टाकीखाली शेकोटी पेटवताना दिसतील, त्यांचं बघून तसं करू नका. थंडीसाठी डिझेलमध्ये घालायचं औषध मिळतं, पण ते डिझेल धुरकट होण्याआधी घालायचं असतं. मेण एकदा जमलं की त्याचा उपयोग नाही.

बीएस-6 च्या ज्या गाड्यांना डीईएफची (धूर स्वच्छ करणाऱ्या युरियाच्या द्रावणाची) वेगळी टाकी आहे, त्यांनी हेही लक्षात ठेवावं की ते द्रावण उणे 11 अंशांना गोठतं. गोठलं तरी इंजिन सुरू होतं आणि गाडी तापली की टाकीतला हीटर ते वितळवतो. त्यात गरम पाणी ओतू नका. ड्रायव्हर त्याला नुसतं 'युरिया' म्हणतात, म्हणून कोणीतरी मला विचारलंच होतं की घरातल्या गोणीतला युरिया घोळून घातला तर चालेल का. नाही चालणार. त्यात 32.5 टक्के शुद्ध युरिया आणि बाकी क्षार काढलेलं पाणी असतं. खताच्या युरियाने आतली जाळी बंद होते. ती गोणी भातालाच घाला.