‘बाईमाणसाला कुठं जमतंय’ म्हटलं की काय करायचं

परवा कारखान्यात एक सप्लायर आला, माल रिजेक्ट झाला म्हणून भांडायला. मी टेबलाशी बोअर गेज (भोकाचा व्यास मोजायचं उपकरण) घेऊन उभी, त्याच्याच कास्टिंगचं, म्हणजे ओतीव भागाचं, माप घेतेय, रिजेक्शनच्या शीटवर सही माझी, आणि हा माझ्या डोक्यावरून मागं बघत विचारतोय, "साहेब कुठायत ओ?" मी म्हटलं कुठले साहेब. "क्वालिटीचे." म्हटलं बोला की. तर त्यानं काय केलं, माझ्या हाताखाली एक पोरगं आहे, आयटीआय करून दोन महिने झालेत लागून, त्याच्याकडं वळून त्यालाच सांगायला लागला की बोअर कसा बरोबर आहे म्हणून. पोरगं बिचारं माझ्याकडं बघतंय, घाम फुटलेला त्याला.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत मला पंधरा वर्षं होत आली, त्यामुळं असल्या प्रसंगांचा साठा भरपूर आहे. आधी भांडायचे, मग काही वर्षं गप्प बसले, दोन्हीचा उपयोग शून्य. आता जे करते ते लिहितेय, बेळगाव-खानापूर-निपाणीकडच्या बायकांना (आणि पुरुषांनाही, त्यांचं पुढं येतंय) उपयोगी पडलं तर बघा.

पहिलं म्हणजे ‘बायका आणि पुरुष वेगळे असतात की नाही’ या वादात पडूच नका. समोरच्याला तेच पाहिजे असतं, कारण तो वाद रात्रीच्या जेवणापर्यंत चालतो आणि तोवर काम त्याच्या मनासारखं होऊन जातं. फरक आहेत ओ, कोण नाही म्हणतंय. सरासरी काढली तर पुरुष उंच, हाताच्या पकडीत जोर जास्त, हे मान्य करून टाका, त्यात आपलं काही जात नाही. पण सरासरी म्हणजे माणूस नव्हे. आमच्या गल्लीत माझ्यापेक्षा बुटके असलेले पाच-सहा पुरुष मी आत्ता बसल्या जागी सांगेन. आणि डोक्याच्या बाबतीत तर, जेनेट हाइड म्हणून अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी २००५ साली आधीच्या संशोधनांचे ४६ एकत्रित आढावे घेऊन तपासले, गणित, बोलणं, स्वभाव, आत्मविश्वास सगळं, तर ७८ टक्के ठिकाणी बायका-पुरुषांतला फरक एकतर अगदी बारीक निघाला नाहीतर जवळपास नव्हताच. फेकणं आणि काही शारीरिक गोष्टींत मोठा निघाला. म्हणजे कामाच्या ठिकाणी कुणी चेंडू लांब फेकायला सांगितला तर मी बाजूला सरकेन, बाकी मापं घ्यायला काय अडचण आहे ते सांगा.

तर वाद घालण्याऐवजी काम पुढं करायचं. त्या सप्लायरला मी काही बोलले नाही, गेज त्याच्या हातात दिला, म्हटलं घ्या तुम्हीच. त्याला गेज शून्यावर आणता येईना. रिंगमध्ये घालून काटा फिरवतोय, परत फिरवतोय, मग मीच आणून दिला, त्यानं बोअरमध्ये घातला, हलवला, काटा तीस मायक्रॉन जास्त. दुसऱ्या बाजूनं घातला, परत तीस. तिसरा पीस घेतला. गेजच्या काट्याला बाई-पुरुष कळत नाही. पाचव्या पीसला म्हणाला, "मॅडम, टूल घासलं असंल बहुतेक." एवढंच. माफी-बिफी काही नाही, आणि मला नकोच होती, मला माल बदलून पाहिजे होता.

आता हे प्रत्येक ठिकाणी गेज असेल असं नाही. तिथं मी एकच प्रश्न विचारते, आणि शांत आवाजात विचारायचा, टोमणा मारल्यासारखा नाही: "म्हणजे नेमकं कशामुळं?" समोरच्याला पूर्ण वाक्य बोलायला लावायचं. ‘बाईमाणसाला नाही जमणार’ हे अर्धंच वाक्य आहे, पुढचं अर्धं त्यानं कधी उच्चारलेलंच नसतं, आणि उच्चारायला गेलं की बहुतेक वेळा त्यालाच हसू येतं. आमच्याकडं एकदा फोरमन म्हणाला जड काम आहे, लेडीज नको. म्हटलं नेमकं काय उचलायचं? तर ऐंशी किलोचं कास्टिंग. बरं, मग आत्ता कोण उचलतंय? कोणच नाही, चेनपुली उचलते! साखळी ओढायची असते फक्त. हा माणूस घरी जातो तेव्हा त्याची बायको पंधरा लिटरची घागर कमरेवर घेऊन जिना चढते, पाणी काही रोज येत नाही त्यांच्या भागात, ते जड नसतं वाटतं.

हेच नीट बघायला शिका, कारण इथंच सगळी गंमत आहे. खानापूरकडं भाताची रोप लावण कोण करतं? दिवसभर चिखलात वाकून, पाऊस पाठीवर घेत, प्लास्टिकची खोळ डोक्यावर, सगळ्या बायका. तिथं कुणी म्हणत नाही बायकांची कंबर नाजूक असते. निपाणीत विडी वळायला मांडीवर सूप घेऊन बायका बसतात, का तर म्हणे बायकांची बोटं चपळ. बरं चपळ तर चपळ. मग सराफाच्या पेढीत मागं बसून मंगळसूत्राचे मणी ओवणारा, दागिन्याचा टाका लावणारा पुरुष कसा? तिथं काम काय कमी बारीक असतं? आमच्या कोअर शॉपमध्ये (ओतकामात आत बसवायचे वाळूचे गाभे करतात तिथं) पण हेच, नाजूक हात लागतात म्हणून बायका, आणि तेच नाजूक हात कॉम्प्युटरवर चालणाऱ्या सीएनसी मशीनवर नेले की म्हणे तांत्रिक आहे, झेपणार नाही. स्वयंपाक बायकांचा, पण लग्नातला आचारी पुरुष, कुंद्याची कढई घोटणारा पुरुष. मला तर असं दिसतंय की बोटं, कंबर, डोकं हे सगळं मजुरीप्रमाणं बदलतंय, विडीला हजार विड्यांमागं पैसे आणि सोन्याला घडणावळ. आपल्याकडचंच नाही हे, अमेरिकेत १९४६ साली एनियाक नावाचा मोठा कॉम्प्युटर जगासमोर आणला, त्याचं प्रोग्रॅमिंग सहा बायकांनी केलेलं, तेव्हा ते कारकुनी टाइपचं काम समजलं जायचं. पुढं त्यात पैसा आला आणि मग ‘मुलींना कोडिंग जमतंय का’ असा प्रश्न पडायला लागला लोकांना.

म्हणून कुणी ‘बायका यात चांगल्या असतात हो’ असं कौतुक केलं की सुद्धा जरा थांबा. कौतुकाच्या मागं पगाराचा आकडा विचारा.

घरातलं

घरातलं जास्त अवघड, कारण तिथं सप्लायर नसतो, आपलीच माणसं असतात, आणि आपणही असतो. माझंच सांगते. पोरगी आठवीत, पोरगा सहावीत. मी स्वतः हे सगळं तोंडपाठ बोलणारी बाई, आणि एका रविवारी माझ्या लक्षात आलं की पाहुणे येणार म्हणून मी पोरीला म्हटलं "केर काढ गं पटकन" आणि पोराला म्हटलं "जा रे, कोपऱ्यावरून दूध आण". वाईट दोन्ही नाही. पण तिला घरातलं आणि त्याला बाहेरचं, हे मी कधी ठरवलं? ठरवलंच नव्हतं, तोंडातून तसंच येतंय. पोरगी म्हणाली, "आई, मला पण सायकल येते." लाजले ओ मी.

उपाय अगदी साधा आहे, भिंतीवरच्या कॅलेंडरवर आठवडाभर नुसतं लिहायचं, कोणी काय केलं. भांडण नाही, भाषण नाही. चहा कोणी टाकला, कप कोणी उचलले, डब्याची भाजी कोणी निवडली, गॅस संपलाय हे कुणाच्या लक्षात आलं (हे पण लिहा, लक्षात ठेवणं हे पण कामच आहे, आणि ते सगळ्यात जास्त दमवतं). सरकारनं २०१९ साली देशभर असंच करून बघितलं, वेळेची पाहणी म्हणून, तर स्वतःच्या घरातलं काम करणाऱ्या बायकांचा दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ त्यात जात होता आणि जे पुरुष करत होते त्यांचा ९७. आणि ते ‘जे करत होते’ म्हणजे शंभरात सव्वीसच होते, हे विसरू नका. आमच्या कॅलेंडरवर पहिल्या आठवड्यात नवऱ्याच्या नावावर तीन नोंदी होत्या, त्यातली एक ‘टीव्हीचा रिमोट शोधला’. त्याला मी काही बोलले नाही. बुधवारी तोच म्हणाला, भांडी मी घासतो रात्रीची. आता घासतो, कढईच्या कडेला तेल राहतं, मी परत घासत नाही. हे फार महत्त्वाचं, परत घासायला गेलात तर संपलं, मग ‘मला जमत नाही, तूच कर’ सुरू होतं.

आणि ‘मदत करतो’ हा शब्द काढून टाका. स्वतःच्या घरात कोण मदत करतं? पाहुणे करतात.

शब्दांचं निघालंच आहे तर, आपल्याकडं नवऱ्याला ‘आमचे मालक’ म्हणायची पद्धत आहे, कन्नडवाले ‘यजमानरु’ म्हणतात, त्याचाही अर्थ मालकच, म्हणजे दोन्ही भाषांत आपण भाडेकरूच. पण बघा, ऑगस्ट २०२३ मध्ये कर्नाटक सरकारची गृहलक्ष्मी योजना सुरू झाली, महिन्याला दोन हजार, तेव्हा रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख बाई पाहिजे अशी अट आणि कन्नड कागदात शब्द ‘यजमानी’, म्हणजे मालकीण. आमच्या सासूबाई सत्तरीच्या, त्यांनी तो कागद मला दोनदा वाचायला लावला. तेव्हापासून दारात कुणी आलं आणि "मालक आहेत का घरात?" विचारलं की त्या आतून ओरडतात, "आहे की, बोला." हे मी शिकवलेलं नाही.

बसमध्ये

११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत कर्नाटकच्या साध्या गाड्यांत बायकांना फुकट, वातानुकूलित आणि लक्झरीत नाही. तेव्हापासून सीबीटीवर (बेळगावच्या मुख्य बसस्थानकावर) ‘फुकट्या’, ‘कामधंदा नाही, हिंडतात नुसत्या’ हे रोज ऐकू येतं. इथं वाद घालू नका, गाडीत गर्दी असते आणि सगळे घामाघूम असतात. फक्त शून्य तिकीट मागून घ्या, हात पुढं करून, स्पष्ट आवाजात, ते देणं कंडक्टरचं काम आहे आणि त्या तिकिटावरच महामंडळाचा सरकारकडचा हिशेब चालतो. जवळ कर्नाटकचा पत्ता असलेलं ओळखपत्र ठेवा. चंदगड-गडहिंग्लजला दिलेल्या आपल्या लेकी माहेरी येतात त्यांचं आधार महाराष्ट्राचं असतं, त्यांना तिकीट काढावं लागतं. त्यांना तिकडच्या एसटीत मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. एकाच पोटच्या दोघी बहिणी, एक सीमेच्या अलीकडं फुकट आणि एक पलीकडं अर्ध्यात, आणि दोघींनाही टोमणा मात्र पूर्ण. कुणी फारच बोलत असेल तर मी एवढंच विचारते, "काका, तुमच्या सूनबाई कामाला कशा जातात?" बहुतेक त्याच गाडीत असतात.

सहीचा कागद

हे सगळ्यात महत्त्वाचं, इथं चूक झाली तर परत येत नाही. ‘पोरगी म्हणजे परक्याचं धन, तिला जमीन कशाला’ ही समजूत कुणी भांडून नाही सांगत, भाऊबीजेला गोड बोलून सांगतात. ओवाळून झालं, लाडू खाल्ला, आणि मग भाऊ म्हणतो, "अक्का, एवढी सही कर, तलाठ्याकडं द्यायचंय, फॉर्मॅलिटी." तो हक्कसोडपत्राचा कागद असतो. कायदा असा की ९ सप्टेंबर २००५ पासून वडिलोपार्जित हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मानं हक्क, लग्न झालेलं असो नसो, आणि वडील त्या तारखेला हयात असायलाच पाहिजेत असं नाही, हे सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये स्पष्ट केलंय. २० डिसेंबर २००४ च्या आधी झालेल्या रीतसर वाटण्या मात्र उघडता येत नाहीत. हक्क सोडायचाच असेल तर तो तुमचा निर्णय, खुशाल सोडा, माझ्या एका मावसबहिणीनं समजून-उमजून सोडला. पण कागद घरी घेऊन या, उतारा काढून बघा, कन्नडमध्ये असेल तर वाचणाऱ्या माणसाकडून प्रत्येक ओळ वाचून घ्या (आपल्याकडं निम्म्या जणी इथंच फसतात, मराठी शाळा आणि कागद कन्नड), वकिलाला दाखवा. ‘वाचून सांगते’ एवढं म्हणायला शिका. त्यावर "आमच्यावर विश्वास नाही काय?" येणारच, ते वाक्य ठरलेलं आहे. उत्तर पण ठरवून ठेवा: "विश्वास आहे म्हणूनच वाचायला काय हरकत आहे?"

कामाच्या ठिकाणी प्रकरण टोमण्याच्या पुढं गेलं, अंगचटीला येणं, घाणेरडं बोलणं, तर वरचं काहीही वापरू नका, ते वेगळं आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ चा कायदा आहे, दहा किंवा जास्त माणसं असतील तर अंतर्गत समिती असलीच पाहिजे, छोट्या ठिकाणी जिल्ह्याची स्थानिक समिती. लेखी तक्रार तीन महिन्यांच्या आत. तारीख-वेळ वहीत लिहून ठेवायला पहिल्याच दिवशी सुरुवात करा.

पुरुषांचं म्हटलं होतं. माझ्या भाच्याला नर्सिंगला जायचं होतं, घरात सगळे म्हणाले बायकांचं काम. मी त्याला तोच प्रश्न शिकवला, कशामुळं? त्यानं आजोबांना विचारलं. आजोबा ऑपरेशन होऊन आठ दिवस दवाखान्यात पडून होते तेव्हा त्यांना उचलून कुशीवर करायला रात्री एक पुरुष नर्सच यायचा, ते त्यांना आठवलं. गेला आता पोरगा शिकायला.

आणि एक राहिलंच, सगळीकडं हे करू नका. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेले लांबचे काका ‘आजकालच्या पोरी’ सुरू करतात, त्यांना कशामुळं विचारलं तर ते खरंच सांगायला लागतात, पार मठ्ठा येईपर्यंत. तिथं मान हलवायची आणि वाढप्याला हाक मारायची, पानातल्या मांड्यावर तूप वाढ म्हणून.