मूकपटातल्या एका दृश्यावर अभंग कसा लिहावा

मूकपटावर कविता लिहायची तर अख्ख्या कथेला हात घालू नका. चाळीस-पन्नास सेकंदांचं एकच दृश्य घ्या. दादासाहेब फाळक्यांच्या प्रेक्षकाला हरिश्चंद्राची किंवा कालियाची गोष्ट घरूनच पाठ असायची. तो थिएटरात जायचा ते ती गोष्ट घडताना बघायला. कवितेनेही ते घडणंच पकडावं.

सरावासाठी १९१९ चा 'कालिया मर्दन' घ्या. दादासाहेबांची लहानगी मुलगी मंदाकिनी यात कृष्ण झाली आहे, आणि चित्रपटाच्या सुरुवातीलाच तिच्या चेहऱ्यावरचे भाव एकामागून एक दाखवले आहेत. तेवढा चेहरा एका कवितेला पुरतो.

बघायला बसण्याआधी आवाज पूर्ण बंद करा. आज ऐकू येतं ते संगीत बहुतेक वेळा नंतर जोडलेलं असतं; ते चालू ठेवलं तर कविता त्या सुरांवर होते, चेहऱ्यावर होत नाही. मग वेग तपासा. मूकपट साधारण सेकंदाला १६ ते १८ फ्रेमनी (म्हणजे सुट्या चित्रांनी) चित्रित होत. २४ हा आकडा बोलपटाबरोबर पक्का झाला. १६ फ्रेमचं चित्रण २४ ने चालवलं की सगळं दीडपट वेगाने पळतं. शंका आली तर चालणाऱ्या माणसाची पावलं मोजा: दहा सेकंदांत वीसच्या आसपास ठीक, तीस म्हणजे प्रत पळते आहे. प्लेअरचा वेग ०.७५ वर आणा, म्हणजे सेकंदाला १८ फ्रेम मिळतील. मूकपटांवरच्या कितीतरी कवितांत माणसं 'कळसूत्री बाहुल्यांसारखी' चालतात. ती तशी चालत नव्हती. तो चुकीच्या वेगाचा दोष आहे. पडद्यावरचे ओरखडेही झिजलेल्या प्रतीचे असतात, त्या काळच्या पहिल्या प्रेक्षकाने कोरी प्रत पाहिली होती. त्यांच्यावर हळहळ उभारली की कविता चित्रपटाची न राहता जुनेपणाची होते.

दृश्य तीनदा बघा. पहिल्यांदा कागद-पेन बाजूला ठेवून. दुसऱ्यांदा फक्त क्रियापदं टिपा: उचलते, थांबते, वळते. विशेषणं एकही नको. तिसऱ्यांदा थांबवत थांबवत, आणि या वेळी कोण कुठल्या कडेने आत आलं तेही लिहा. त्या काळी कॅमेरा बहुतेक एका जागी स्थिर असल्याने पडद्याच्या कडेने होणारं येणं-जाणं फार बोलकं असतं.

आता छंद. चार चरणांचा अभंग इथे चपखल बसतो: पहिल्या तीन चरणांत सहा-सहा अक्षरं, चौथ्यात चार, आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्याला. जोडाक्षर एकच मोजायचं, अनुस्वार वेगळा मोजायचा नाही. तीन चरण म्हणजे चित्र आणि चौथा आखूड चरण म्हणजे दृश्यांच्या मध्येच येणारी मजकुराची पाटी, असं धरून चला.

पहिला खर्डा बहुधा असा होतो:

बाळकृष्ण माझा
किती गोड हसे
मनामध्ये वसे
सदोदित

मोजणी बरोबर आहे, पण यात चित्रपट कुठेच नाही. हे चित्र न बघताही लिहिता आलं असतं. टिपलेल्या क्रियापदांकडे परत गेलं की असं काही हाती लागतं:

ओठ हलतात
शब्द येत नाही
डोळा सांगे काही
काळोखाला

'काळोखाला' हा चरण थिएटरातल्या अंधाराकडे वळतो, म्हणजे प्रेक्षक कवितेत येतो आणि त्याचं नावही घ्यावं लागत नाही. सगळ्यात जास्त घोटाळा याच चरणात होतो: चार अक्षरं उरली की 'धन्य झालो' लिहायचा मोह होतो. पाटी कधी प्रेक्षकाच्या वतीने धन्य होत नाही. ती बहुतेकदा कोण काय बोललं, कुठे, केव्हा एवढंच सांगते. चौथ्या चरणात नाम किंवा क्रियापद ठेवा, भावना नको.

खर्डा झाला की आवाज बंदच ठेवून दृश्य पुन्हा लावा आणि अभंग त्याच्यावर मोठ्याने म्हणा. चार चरण सावकाश म्हणायला दहाएक सेकंद लागतात. पन्नास सेकंदांच्या दृश्यावर चार-पाच कडवी बसतात. चेहरा बदलतो तिथे चरण संपत नसेल तर शब्द बदलू नका, आधी चरणांचा क्रम बदलून बघा.